थकबाकी आणि सहा तारा

बँकेत उभे आयुष्य घालविलेल्या माणसाला ‘थकबाकी’ हा शब्द कधीच गोड वाटत नाही. तो कानी पडला की वसुलीच्या याद्या, नोटिसांचे मसुदे आणि कर्जदाराच्या बंद दारापुढे उभे राहून काढलेल्या दुपारी आठवतात. मात्र काही वर्षांच्या अंतराने एकदा हाच शब्द आपल्या बाजूने बोलू लागतो. ८ मार्च २०२४ रोजी बाराव्या द्विपक्षीय करारावर आणि त्यासोबतच्या अधिकाऱ्यांच्या संयुक्त टिपणावर स्वाक्षऱ्या झाल्या. नवी वेतनश्रेणी १ नोव्हेंबर २०२२ पासून लागू धरण्यात आली, आणि मधल्या महिन्यांच्या फरकाची रक्कम त्या उन्हाळ्यात माझ्याही खात्यात जमा झाली.

त्या रकमेचे काय करावे हा प्रश्न बऱ्याच अंशी आधीच सुटलेला होता. मोठा हिस्सा गृहकर्जाच्या मुदतपूर्व फेडीसाठी गेला. प्राप्तिकराचा वाटा गेला. मागील वर्षांचे वेतन एकाच वर्षी हाती आल्याने चढणाऱ्या करावर त्यावेळच्या कायद्याच्या कलम ८९ अन्वये सवलत मिळत असे, तीही अर्ज भरून घेतली. (हा अर्ज भरावयाचे विसरलेले आमच्याच शाखेत तिघे निघाले. लोकांना करबचतीचा सल्ला देणाऱ्यांच्या घरी हा अंधार!) एवढे सारे वजा जाता साठ हजार रुपये उरले. त्यांच्यावर कोणाचाच हक्क नव्हता. निदान तसे मला त्या वेळी वाटले.

सौभाग्यवतींना मी सांगितले, “या पैशांतून मी गिटार घेणार आहे.”

त्यांनी भाजी निवडता निवडता वर पाहिले. “अहो, माळ्यावर एक आहे ना?”

माळ्यावरची गिटार

होती. १९९९ साली पदोन्नतीवर माझी बदली शिलाँगला झाली. सांगलीच्या माणसाला ते गाव निराळ्याच जगातले वाटावे असे. पाऊस, पाइनची झाडे आणि संध्याकाळी घराघरांतून ऐकू येणारी गिटार. ज्या गावात लू माजाव नावाचा गायक १९७२ पासून दरवर्षी २४ मे रोजी बॉब डिलनचा वाढदिवस सार्वजनिकरीत्या साजरा करीत आला आहे, त्या गावातील संध्याकाळी कशा असतील याची कल्पना वाचकांना करता येईल. कुटुंब सांगलीत, मी एका खोलीत. घरमालकांच्या महाविद्यालयीन मुलाने मला पहिल्या चार कॉर्ड शिकविल्या, आणि त्याच्याच सल्ल्याने मी अठराशे रुपयांना एक देशी बनावटीची गिटार घेतली. तीन वर्षांत मला वाजविता येऊ लागले असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु एकटेपण वाजविता येऊ लागले होते, एवढे खरे.

त्यानंतर भोपाळ, नागपूर, पुन्हा भोपाळ, शेवटी पुणे. प्रत्येक बदलीत ती गिटार गाद्यांच्या वळकटीत गुंडाळून ट्रकमधून प्रवास करीत राहिली. पुण्यात आल्यावर काढली तेव्हा तिच्या तारा पडद्यांपासून इतक्या उंच उठल्या होत्या की बोट दाबताना डोळ्यांत पाणी यावे. वय झाले, बोटे बोथटली, असा निष्कर्ष काढून मी ती माळ्यावर टाकली.

येथे एक कबुली देणे भाग आहे. २०१६ साली मला पुन्हा एकदा हा ज्वर चढला होता. त्या वेळी मी गिटारीचे नाद बदलणारे एक यंत्र चौदा हजारांना घेतले. एका पेटीत शंभराहून अधिक नाद! कार्डावर, बारा सुलभ हप्त्यांत, ‘बिनव्याजी’. ‘बिनव्याजी’ हा शब्द वाचताना माझ्यातील बँकर कोठे गेला होता कोण जाणे. २०१३ साली रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना लेखी कळविले होते की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच अस्तित्वात नाही. व्याज प्रक्रिया शुल्कात किंवा न दिलेल्या सवलतीत दडवलेले असते. ते परिपत्रक आमच्या टेबलावरूनच गेले होते आणि मी त्यावर सही करून ते पुढे पाठविले होते. रोख देणाऱ्यास मिळणारी सूट मला मिळाली नाही, वर शुल्क पडले. आणि यंत्र? माझ्या अंदाजाने ते मी एकूण नऊ तास वाजविले असेल. चौदा हजार भागिले नऊ, म्हणजे ताशी दीड हजारांहून अधिक. इतक्या पैशांत एखाद्या चांगल्या गवयाने घरी येऊन गाणे ऐकविले असते.

या खेपेस तसे होऊ द्यावयाचे नाही, असे मी ठरविले. निवृत्तीला तीन वर्षे उरली होती. डाव्या हाताच्या अनामिकेत सकाळी थोडा ताठरपणा येत असे. ‘बोट अडकते, पण बिघडलेले नाही, हळूहळू वापरीत राहा,’ असे डॉक्टरांनी सांगितले होते. हाताशी असलेली वर्षे मोजकी आहेत हे एकदा उमगले, की खरेदीतील चूक केवळ पैशांची राहत नाही. पुन्हा एखादी वस्तू कपाटात जाऊन पडली, तर बोटांकडे तिसऱ्यांदा प्रयत्न करण्यास वेळ उरणार नव्हता.

सल्ल्यांचा पाऊस

गिटार घ्यायची आहे असे शाखेत बोलून गेलो आणि सल्ल्यांना तोटा राहिला नाही. आमच्या शाखेतील एका तरुण लिपिकाने कागदावर यादीच करून दिली: विद्युत गिटार, तिचा ॲम्प्लिफायर, नाद भरडा करणारे पेडल, प्रतिध्वनीचे पेडल, सूर जुळविण्याचे यंत्र. बंगळुरूहून कन्येचा फोन आला, “बाबा, तुम्ही एकदाच काय ती चांगली घ्या. साठ हजार आहेत ना, साठाचीच घ्या.”

दोघांचेही म्हणणे वरकरणी बिनचूक होते. मग मी माझ्या धंद्यातील सवयीप्रमाणे कागदपत्रे तपासावयास बसलो.

विद्युत गिटारीचा इतिहास वाचताना एक गोष्ट हाती लागली आणि ऊर भरून आला. आज जगभर ज्यांच्या घडणीचे अनुकरण होते त्या टेलिकास्टर आणि १९५४ सालच्या स्ट्रॅटोकास्टर या गिटारी बनविणारा लिओ फेंडर हा मूळचा हिशेबनीस! महामंदीच्या काळात हिशेबाची नोकरी सुटल्यावर १९३८ मध्ये त्याने कॅलिफोर्नियातील फुलर्टन या गावी रेडिओदुरुस्तीचे दुकान काढले. त्याला स्वतःला गिटार वाजविता येत नसे. मात्र दुरुस्तीला आलेल्या वाजविणाऱ्यांच्या तक्रारी तो कान देऊन ऐके. त्याने गिटारीची मान धडाला चिकटविण्याऐवजी स्क्रूने जोडली, म्हणजे ती बिघडल्यास बदलता यावी. हिशेबनीसाची बुद्धी ती हीच; वस्तू घेतानाच तिच्या दुरुस्तीचा विचार करणारी.

विद्युत गिटारीच्या तारा पातळ असतात, पडद्यांवर त्या सहज दबतात, म्हणून दुखऱ्या बोटांना ती सोयीची, हे लिपिकाचे म्हणणे खरे होते. ब्लॅक सॅबाथ या वाद्यवृंदाच्या टोनी आयोमीची कथा त्यानेच मला सांगितली. आयोमी डावखुरा. ऐन तारुण्यात कारखान्यातील अपघातात त्याच्या उजव्या हाताच्या, म्हणजे तार दाबण्याच्या हाताच्या, दोन बोटांची टोके गेली. त्याने प्लॅस्टिक वितळवून बोटांसाठी टोपणे केली, हलक्या तारा चढविल्या आणि पुढे गिटार नेहमीपेक्षा खालच्या सुरात लावली. त्याही आधी, १९२८ साली, जँगो राइनहार्ट याचा डावा हात आगीत होरपळला आणि तरीही दोन बोटांनी त्याने जी वादने केली ती ऐकून आजही दहा बोटांचे लोक थक्क होतात. ही नावे ऐकून माझ्या अनामिकेला थोडी लाज वाटली असावी.

पण विद्युत गिटार घेतली की ॲम्प्लिफायर आला, आणि तेथे आकड्यांची फसगत सुरू होते. दुकानात दहा वॅटचा एक, शंभर वॅटचा एक असे ठेवलेले असतात. शंभर वॅटचा दहापट मोठा वाजेल असे कोणालाही वाटेल. कान मात्र तसा हिशेब करीत नाही. शक्ती दहापट वाढविली तर कानाला आवाज साधारण दुप्पट भासतो. आमच्या सोसायटीत शेजारच्या भिंतीपलीकडे परीक्षेचा विद्यार्थी राहतो. तेथे पाच वॅटही घाबरत वापरावे लागतील. शंभर वॅटचे पैसे देऊन त्याची कळ आयुष्यभर एकच्या पुढे न नेणे म्हणजे वर्षभर न वापरलेल्या लॉकरचे भाडे भरण्यासारखे आहे.

राहिली ती साठ हजारांची लाकडी गिटार. तिच्याबद्दलचा माझा मोह अधिक खोल होता, कारण तो लाकडाचा होता. त्या गिटारींच्या पाठीला आणि बाजूंना शिसवी असते. आपल्या सह्याद्रीतही ज्याची झाडे वाढतात तेच हे शिसव. ब्राझीलचे शिसव दुर्मीळ झाले तेव्हा अमेरिकेतील मार्टिन या नामांकित कारखान्याने १९६९ च्या सुमारास भारतीय शिसवीचा अवलंब केला. २०१७ मध्ये या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले आणि गिटार घेऊन सीमा ओलांडणारे वादकही कागदपत्रांच्या फेऱ्यात सापडले. २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यांतून सूट मिळाली. आजोबांच्या शिसवी पाटाचे नातेवाईक गिटार होऊन अमेरिकेत मैफली करतात, या कल्पनेने मी दोन दिवस हरखून गेलो होतो.

तो मोह उतरविला एका स्पॅनिश सुताराने. आल्मेरियाचा आंतोनियो दे तोर्रेस. आजच्या स्पॅनिश गिटारीचा आकार आणि आतील रचना ज्याने स्थिर केली तो. गिटारीचा आवाज मुख्यत्वे वरच्या फळीतून, म्हणजे सतारीत जिला तबली म्हणतात तिच्यातून येतो, असे त्याचे मत होते. लोकांना ते पटेना. तेव्हा १८६२ साली त्याने एक गिटार केली: तबली लाकडाची, आणि पाठ व बाजू चक्क कागदी लगद्याच्या! ती गिटार वाजली. आजही ती बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. अर्थात शिसवीने नादात फरक पडतच नाही असे नव्हे. मात्र ज्याला शंभर रुपये खर्चावयाचे आहेत त्याने त्यांतील बहुतेक तबलीवर खर्चावेत. थरांच्या फळीऐवजी अखंड लाकडाची तबली आहे काय, हे आधी विचारावे आणि पाठीवरील नक्षी नंतर पाहावी.

एक्क्याण्णव दिवस

एवढे वाचन झाल्यावरही निर्णय होईना. तेव्हा मी तेच केले जे आपण दर नवख्या कर्मचाऱ्याच्या बाबतीत करतो. स्वतःला परिवीक्षेवर ठेवले. साठांपैकी अठ्ठावन्न हजार रुपयांची एक्क्याण्णव दिवसांची ठेव केली आणि ठरविले, की ठेवीची मुदत पुरी होईतो नवे काही घ्यावयाचे नाही. जुनी गिटार माळ्यावरून काढावयाची आणि रोज अर्धा तास वाजवावयाची. नियम टिकला तर ठेव मोडेल, नाही तर तिचे नूतनीकरण होईल.

उरलेले दोन हजार घेऊन मी गिटारी दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. पंचविशीतला मुलगा, पण बोलणे जुन्या वैद्यासारखे. त्याने गिटार उचलून तिच्या मानेवरून बंदुकीचा नेम धरावा तशी नजर टाकली, मग बाराव्या पडद्यावर छोटी पट्टी टेकवून म्हणाला, “काका, हे पाच मिलिमीटर आहे. अडीचच्या आत पाहिजे. तुम्ही वाजवत होतात की व्यायाम करत होतात?”

माझ्या बोटांवर मी आठ वर्षे जो आरोप ठेवला होता तो त्या एका वाक्याने रद्द झाला. दमट हवेने आणि ट्रकच्या प्रवासाने मान वाकली होती, घोडीमागची तबली फुगली होती. लाकडी वाद्याला पंचेचाळीस ते पंचावन्न टक्क्यांच्या आसपासची आर्द्रता मानवते. शिलाँगचा आणि पुण्याचा पावसाळा त्याहून कितीतरी ओला, भोपाळचा उन्हाळा कितीतरी कोरडा. बिचारी प्रत्येक बदलीत फुगत आणि आकसत राहिली. चांगल्या गिटारीच्या मानेतून एक पोलादी सळई गेलेली असते. ती पिळून मान सरळ करता येते. माझ्या गिटारीत ती नव्हती.

“पूर्ण दुरुस्ती गिटारीपेक्षा महाग पडेल,” तो म्हणाला. “पण वाजेल एवढी करून देतो.” त्याने घोडीवरची पट्टी घासून खाली घेतली, सर्वांत हलक्या तारा चढविल्या आणि गिटार एक स्वर खाली लावण्यास सांगितले, म्हणजे ताण कमी पडेल. आयोमीचाच उपाय, सोळाशे रुपयांत.

त्या रात्री मी पंचवीस मिनिटे वाजविले आणि बोट दुखले नाही. दुसऱ्या दिवशी शाखेतून एक जुनी नोंदवही घरी आणली.

नोंदवहीत मी रोजची मिनिटे लिहू लागलो. पहिल्या महिन्यात बावीस दिवस भरले. दुसऱ्यात एकोणीस, ऑगस्टमधील तपासणीने आठवडा खाल्ला. तिसऱ्यात चोवीस. परंतु मिनिटांपेक्षा शेवटचा रकाना अधिक बोलका निघाला. त्यात मी काय वाजविले, कोठे बसून वाजविले आणि कोठे अडलो, एवढे लिहीत असे. तीन महिन्यांनंतर वाचताना दिसले की मी एकदाही उभा राहून वाजविले नव्हते. एकदाही मला भरड्या नादाची आठवण झाली नव्हती. मी वाजवीत होतो ती जुन्या चित्रपटांतील गाणी, तीही कोणीतरी गुणगुणत असता मागून साथ द्यावी तशी. आणि नोंदवहीत दर दोन दिवसांनी एकच तक्रार होती: तर्जनीने सहाही तारा एकदम दाबावयाच्या कॉर्डमध्ये अनामिका पोहोचत नाही.

म्हणजे मला गिटार हवी होती ती घरात बसून वाजविण्याची, आखूड मानेची, लहान धडाची. ज्यावर तार खुंटीपासून घोडीपर्यंत आखूड असते तिच्यात पडदे जवळ येतात आणि त्याच सुराला ताणही कमी लागतो. प्रचलित लांबी साडेपंचवीस इंच; पाऊण इंचाने कमी मिळाली तरी बोटांना तो फरक जाणवतो. ही गोष्ट मला कोणत्याही जाहिरातीने सांगितली नसती, कारण तिच्यात छापण्याजोगे काही नाही.

पेटीचा भाता

सप्टेंबरात गणपती आले. आमच्या सोसायटीत महिलांचे भजनी मंडळ आहे आणि त्यात सौभाग्यवती पेटीवर असतात. ती पेटी त्यांच्या माहेरची. लग्नात सोबत आलेली. शिलाँगच्या काळात मी तिकडे गिटार शिकत होतो तेव्हा त्या सांगलीत लहान मुलीला निजवून त्याच पेटीवर बसत असत, हे मला ठाऊक होते, पण मी त्याचा कधी विचार केला नव्हता.

तिसऱ्या दिवशीच्या भजनात मी मागच्या रांगेत बसलो होतो. तीन महिन्यांच्या नोंदवहीने माझे कान थोडे उघडले असावेत. पेटीचा भाता धापा टाकीत होता. आवाज दोन ओळी टिकावा तेथे एका ओळीत विझत होता आणि सौभाग्यवती डाव्या हाताने अखंड भाता मारीत होत्या. मधल्या सप्तकातील दोन सूर तर बोलतच नव्हते. गाणे त्या सुरावर आले की त्या आवाज चढवून गळ्याने ती जागा भरून काढीत.

घरी आल्यावर विचारले, “पेटीचे असे कधीपासून?”

“होतील सहा-सात वर्षे.”

“मग सांगितले का नाहीस?”

“सांगण्यासारखे काय त्यात? चालते आहे.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “आणि शिल्लक अशी कधी होती?”

ज्या शिलकेवर कोणाचाच हक्क नाही असे मी धरून चाललो होतो, तिच्या खातेवहीत एक नोंद राहून गेली होती. लेखापरीक्षणात अशी चूक आढळली असती तर मी संबंधितास खुलासा विचारला असता.

पेटी दुसऱ्याच आठवड्यात कारागिराकडे गेली. भात्याच्या घड्यांना चिरा पडल्या होत्या, आतील कातडे कडक झाले होते, दोन सुरांच्या पितळी पट्ट्यांवर किटण चढले होते. साडेपाच हजार रुपये लागले. ‘नवी घ्या, याहून हलकी मिळेल,’ असे कारागीर म्हणाला नाही. उलट, असे लाकूड आता मिळत नाही, असे म्हणून त्याने तिच्यावरून हात फिरविला.

पाठमोरे परीक्षण

ठेवीचे व्याज सुमारे सातशे रुपये आले. त्यात तारांचा एक संच येतो. आम्ही दोघे मिळून दुकानात गेलो.

वाद्यांच्या दुकानात शिरण्यापूर्वी एक गोष्ट ठरवून जावी, असे मी आवर्जून सांगेन. तेथील विक्रेता तरुण असतो, उत्तम वाजवितो, आणि त्याच्या हातात कोणतीही गिटार गोड लागते. ते त्याच्या हाताचे कौशल्य असते आणि ते विक्रीस नसते. गिटार स्वतः, बसून, आपले नेहमीचे गाणे कितीही वाईट वाजत असले तरी तेच वाजवून पाहावी. मला प्रारंभी संकोच वाटला. पण कर्ज मागणारा आपल्यासमोर संकोचून बसतो तेव्हा आपण त्याला पाणी देतो; तसे त्या विक्रेत्याने मला स्टूल दिले.

तीन गिटारी मी निवडल्या. एक चोवीस हजारांची, लहान धडाची, आखूड लांबीची, अखंड स्प्रूस लाकडाच्या तबलीची. दुसरी त्याच घडणीची पण अडतीस हजारांची. तिसरी शिसवी, अठ्ठावन्न हजारांची. सौभाग्यवतींना मी पाठमोरे बसविले आणि किंमत न सांगता तिन्हींवर एकच गाणे वाजविले. त्यांनी डोळे मिटले होते की नव्हते हे मला दिसले नाही.

शिसवी गिटारीबद्दल त्या म्हणाल्या, “हिचा आवाज भरदार आहे. पण तो सगळी खोली स्वतःच भरून टाकतो, गाणाऱ्याला जागा ठेवीत नाही.” अडतीस हजारांचीबद्दल त्यांना विशेष काही सांगता आले नाही. आणि चोवीस हजारांची पुन्हा एकदा वाजवावयास लावली.

पाठमोरे परीक्षण शास्त्रशुद्ध असते असा माझा दावा नाही. त्या दिवशी दुकानाच्या हवेत, त्या तारांवर, माझ्या हातांनी जे वाजले तेवढेच त्यांनी ऐकले; शिसवी गिटार चांगल्या वादकाच्या हाती निराळी बोलली असती. परंतु ती वाजविणार होतो मी, आणि ऐकणार होत्या त्या.

कन्येला फोनवर सांगितले तेव्हा ती थोडी हिरमुसली. “बाबा, नंतर पस्तावाल. चांगली असती तर हात आपोआप सुधारला असता.” तिच्या म्हणण्यात तथ्य आहे, असे अजूनही वाटते. उत्तम वाद्य माणसाला बसावयास लावते हे खोटे नाही, आणि मी पन्नाशीत नव्हे तर विशीत असतो तर कदाचित तिचेच ऐकले असते. क्वीन या वाद्यवृंदातील ब्रायन मे याने तर १९६३ साली, शाळकरी वयात, वडिलांच्या मदतीने जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरून घरीच गिटार बनविली आणि जन्मभर तीच वाजविली. (त्याच वाद्यवृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला, ही जोड मी कन्येला सांगण्याची संधी सोडली नाही.) तिने हसून फोन ठेवला.

विक्रेत्याकडून मी दोन गोष्टी मागून घेतल्या. पहिली, गिटार घरी नेण्यापूर्वी माझ्या हाताप्रमाणे तारांची उंची बसवून देणे. त्यासाठी मी तिला आमच्या त्या तरुण वैद्याकडेच नेले. नव्या वस्तूवर लगेच दुरुस्तीचा खर्च कशासाठी, असे पुष्कळांना वाटते, पण कारखान्यातून निघालेली गिटार सर्वांसाठी असते, आपल्यासाठी नसते. दुसरी, टणक पेटारा. कापडी पिशवी फुकट मिळत होती. पण शिलाँगच्या गिटारीची वाकलेली मान मी पाहिली होती. पावसाळ्यात पेटाऱ्यात ओल शोषणाऱ्या खड्यांच्या पुड्या टाकल्या की काम होते, फक्त त्या महिन्याकाठी बदलावयाच्या.

हिशेब असा झाला. जुन्या गिटारीची दुरुस्ती सोळाशे, पेटी साडेपाच हजार, नवी गिटार चोवीस हजार, पेटारा साडेचार हजार, तारांची उंची बसविणे व जादा तारा दोन हजार. एकूण सदतीस हजार सहाशे. उरलेल्या बावीस हजार चारशेतून मी दरमहा दोन हजारांप्रमाणे अकरा महिने एका शिक्षकांना दिले. आठवड्यातून एकदा ते येत. त्यांनी पहिल्याच दिवशी माझा अंगठा मानेच्या मागे कोठे ठेवावा हे दाखविले आणि तर्जनीच्या ज्या कॉर्डने मला तीन महिने छळले होते ती चौथ्या आठवड्यात साधली. चौदा हजारांच्या त्या यंत्रात शंभर नाद होते, पण अंगठा कोठे ठेवावा हे त्यातील एकानेही सांगितले नव्हते. ते यंत्र मी शाखेतील त्या तरुण लिपिकाला दिले. तो ते रोज वाजवितो म्हणे.

जुनी गिटार विकली नाही. ती बैठकीत भिंतीवर आहे, एक स्वर खाली लावलेली. कोणी लहान मूल घरी आले की त्याच्या हाती तीच देतो.

नोंदवही अजून चालू आहे. फक्त शेवटच्या रकान्यात हल्ली एक नवी तक्रार आढळते. पेटी जुन्या काळी कोणत्या सुरावर बांधली गेली कोण जाणे, आजच्या प्रमाण सुराहून ती किंचित चढी आहे. सूर जुळविण्याचे यंत्र गिटार बरोबर लागली असे हिरव्या दिव्याने सांगते, आणि सौभाग्यवतींनी पहिला सूर धरला की ती बेसूर ठरते. मग यंत्र बाजूला ठेवून मी पेटीच्या सुराला कान देऊन सहाही तारा एकेक करून चढवीत बसतो. त्याला पाच मिनिटे लागतात. तोवर त्या भाता हलकेच मारीत सूर धरून ठेवतात, आणि तो आता मध्येच विझत नाही.